थांबवलेली चौकट: संथ चित्राचा इतिहास आणि बीडचा एक धावपटू

चलत्चित्र हळू करून पाहण्याची सोय आज खिशातल्या मोबाइलमध्येही असल्यामुळे ती चित्रपटाबरोबर आपोआपच आली असावी, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. संथ दृश्याला दोन अंगे असतात. नेहमीपेक्षा अधिक वेगाने चित्रण करणारा कॅमेरा हे पहिले अंग, आणि घेतलेले चित्र पाहणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे हळू, थांबून किंवा उलट दिशेने दाखवू शकणारे यंत्र हे दुसरे. कीर्ती पहिल्या अंगाला मिळाली, कारण दौडत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात हे सिद्ध करणारी मायब्रिजची १८७८ सालची छायाचित्रे किंवा ऑगस्ट मुस्गर या ऑस्ट्रियन धर्मगुरूने १९०४ मध्ये संथ चित्राच्या यंत्राचे घेतलेले पेटंट या ठळक घटना होत्या. दुसऱ्या अंगाचा इतिहास मात्र तंत्रज्ञांच्या टेबलावर घडत गेला. चित्र दाखवणारे यंत्र एकाच ठरलेल्या वेगाने चालावे म्हणूनच घडवलेले असते, आणि त्याला दुसरा वेग शिकवायचा तर प्रत्येक पिढीत ते उघडून त्याच्या अंतर्भागात बदल करावे लागले. या बदलांचा हेतू केवळ मंदपणा नव्हता. पडद्यावर या क्षणी नेमकी कोणती चौकट आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असावे आणि तिच्यावर त्याला हवा तितका वेळ थांबता यावे, हा खरा हेतू होता. त्याची किंमत किती असू शकते हे ऑक्टोबर २०१९ मध्ये दोहा येथे दिसले आणि तेथील पंचांच्या एका निर्णयाचा लाभ बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावातून आलेल्या धावपटू अविनाश साबळे याला झाला.

महाराष्ट्रात या इतिहासाचे पहिले पान दादासाहेब फाळके यांच्या नावावर आहे, जरी त्यांनी काळ ताणण्याऐवजी आवळला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात झळकण्यापूर्वी, भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून, त्यांनी कुंडीत वाटाणे पेरून कॅमेरा त्यांच्यासमोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाची वाढ टिपून ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट तयार केला. दिवसाला एकच चौकट घेतली आणि चित्रपट मिनिटभराचा झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, पण हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ चौकटी धरला तर तीस दिवसांच्या तीस चौकटी दोन सेकंदांच्या आतच संपतील, आणि मिनिटभराच्या चित्रासाठी साडेनऊशेच्या आसपास चौकटी लागतील. म्हणजे फाळक्यांनी दिवसातून अनेक वेळा हँडल फिरवले असले पाहिजे. हे गणित मांडण्याचे कारण फाळक्यांचे श्रेय कमी करणे नव्हे. घेताना सेकंदाला किती चौकटी आणि दाखवताना किती, या दोन आकड्यांच्या गुणोत्तरातच संथ आणि शीघ्र चित्राचे सगळे शास्त्र सामावलेले आहे, एवढाच त्याचा मथितार्थ.

त्या काळात कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोन्ही हाताने फिरत, त्यामुळे वेगावर माणसाचा ताबा होता. प्रोजेक्टर चालवणारा कारागीर पाठलागाच्या प्रसंगी हात जलद चालवी आणि करुण प्रसंगी सैल सोडी. हे स्वातंत्र्य बोलपटाने संपवले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये मराठीतला ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हा आवाजाची पट्टी चित्राच्याच फितीवर असल्याने वेग जरा हलला तरी गायकाचा सूर घसरे. म्हणून विजेच्या मोटरीने सेकंदाला २४ चौकटींचा वेग कायमचा बांधून टाकला. निजामाच्या राज्यात असलेल्या तेव्हाच्या बीडसह मराठवाड्यात जत्रांमधून तंबूतला सिनेमा पोहोचला तोही पुढे या बांधलेल्या वेगानेच. यंत्राची प्रगती झाली आणि त्याच पावलात पाहणाऱ्याच्या हातून काळाची दोरी सुटली, हा या इतिहासातला पहिला विरोधाभास होय.

ती दोरी परत मिळवण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न क्रीडा-प्रशिक्षक आणि अभियंते यांच्यासाठी झाला. अमेरिकेत १६ मिलिमीटरच्या साध्या प्रोजेक्टरांत बदल करून ‘अ‍ॅनालिस्ट’ म्हणजे विश्लेषक प्रोजेक्टर विकले जाऊ लागले. चित्रपटाची फीत सलग सरकत नाही. दातेरी पंजा तिच्या छिद्रांत अडकून एक चौकट खाली ओढतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा ओढतो. या पंजाला मुख्य मोटरीपासून वेगळे केले की तो सेकंदाला एक, दोन, सहा अशा कोणत्याही गतीने किंवा उलटाही चालवता येतो. मात्र एक अडचण उरते. दिव्यासमोर थांबलेली फीत उष्णतेने वाकते, फोडासारखी फुगते आणि अखेर जळते, म्हणून दिवा व फीत यांच्यामध्ये उष्णता अडवणारी काच घालावी लागे आणि त्या काचेमुळे चित्र फिकट होई. शिवाय वेग कमी केल्यावर प्रकाशाचे लुकलुकणे डोळ्याला जाणवू नये म्हणून प्रकाश कापणारी पाती मात्र पूर्वीच्याच वेगाने फिरत ठेवावी लागत. चित्राचा वेग आणि प्रकाशाचा वेग वेगळे करणे, ही कल्पना पुढच्या प्रत्येक यंत्रात निराळ्या वेषात परत आलेली दिसते.

दूरचित्रवाणीने प्रश्न अधिक बिकट केला. अ‍ॅम्पेक्स कंपनीने १९५६ मध्ये व्यवहारात वापरता येईल असे पहिले व्हिडिओ टेप यंत्र आणले खरे, परंतु चुंबकीय फितीवर डोळ्याला दिसणारी चौकट नसते. तिथे असतात फक्त चुंबकीय रेषा, आणि त्या वाचण्यासाठी फीत व वाचणारे हेड यांच्यात सापेक्ष गती असावीच लागते. फीत पूर्ण थांबली की त्या यंत्रावर चित्रच नाहीसे होई. याला पळवाट म्हणून अ‍ॅम्पेक्सने १९६७ मध्ये एचएस-१०० हे यंत्र काढले, ज्यात फितीऐवजी धातूच्या चकत्या सेकंदाला ६० वेळा फिरत आणि प्रत्येक फेऱ्यात चित्राचे एक ‘फील्ड’, म्हणजे एक सोडून एक रेषांचे बनलेले अर्धे चित्र, नोंदले जाई. चित्र थांबवायचे तर हेड त्याच वर्तुळावर ठेवायचे, हळू करायचे तर प्रत्येक वर्तुळ दोनदा किंवा चारदा वाचून पुढे सरकायचे. कल्पना निर्दोष होती, पण अवजड कपाटांएवढ्या या यंत्रात साठवण जेमतेम ३० सेकंदांची. तेवढ्यात जे घडले तेच पुन्हा पाहता येई.

फितीवरच हे साधण्याची युक्ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाली आणि या सबंध इतिहासातली सर्वांत देखणी यांत्रिक कल्पना म्हणून तिचा उल्लेख करावा लागेल. एक इंच रुंदीच्या फितीच्या यंत्रांत हेड एका फिरत्या ड्रमवर बसवलेले असते आणि फीत त्या ड्रमभोवती तिरकी गुंडाळलेली असते, त्यामुळे प्रत्येक फील्ड फितीवर एका लांब तिरक्या पट्ट्याच्या रूपाने लिहिले जाते. या पट्ट्याचा कोन दोन गोष्टींवर ठरतो, ड्रमची फिरकी आणि फितीचा वेग. फितीचा वेग बदलला की हेडचा मार्ग किंचित वेगळ्या कोनात जातो आणि ते एका पट्ट्यावर सुरू होऊन शेजारच्या पट्ट्यावर संपते. अ‍ॅम्पेक्सने आणि लगोलग सोनीने हेड एका लवचीक स्फटिकपट्टीच्या टोकाला बसवले. विद्युतदाब दिला की हा दाबविद्युत पदार्थ वाकतो, म्हणून यंत्र सतत संकेताची तीव्रता तपासून हेडला वर किंवा खाली वाकवी आणि फीत कोणत्याही वेगाने सरकत असली तरी त्याला एकाच पट्ट्यावर धरून ठेवी. नेहमीच्या वेगाने उलट दिशेपासून तिप्पट वेगाने पुढे, इथपर्यंत कोणताही वेग, मधल्या शून्यासकट, डागविरहित मिळू लागला. टीव्हीवर सामन्याचा पुनःप्रत्यय मुठीच्या हलक्या ढकलीने हळू होताना दिसू लागला तो या बारीक थरथरत्या पट्टीच्या बळावर.

घरोघरी पोहोचलेल्या व्हीएचएस यंत्रांना ही चैन परवडणारी नव्हती. भारतात १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले, त्याच सुमारास व्हीसीआरचा प्रसार सुरू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावीही व्हिडिओ सेंटरे निघाली. गणपतीत किंवा लग्नघरी टीव्हीसह व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर पिक्चर पाहण्याची प्रथा मराठवाड्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या आठवणीत आहे. ‘पॉज’चे बटण दाबले की चित्रावर उमटणारा पांढरा खरखरीत पट्टा आणि तो घालवण्यासाठी पिळले जाणारे ट्रॅकिंगचे बटण हाही त्या आठवणीचा भाग असतो, पण त्याचे कारण क्वचितच सांगितले जाते. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत ड्रम सेकंदाला २५ फेरे घेई, त्यावरील दोन हेड मिळून ५० फील्ड वाचत आणि फीत सेकंदाला अवघी २३.३९ मिलिमीटर सरके. फीत थांबली की वर सांगितलेला कोनाचा दोष प्रकट होई, आणि शेजारचे पट्टे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दोन्ही हेडांच्या फटी मुद्दाम विरुद्ध दिशांना कललेल्या असल्याने परक्या पट्ट्यावर गेलेल्या हेडला काहीच वाचता येत नसे. तो पांढरा पट्टा म्हणजे ही न वाचता आलेली जागा.

यावर उत्पादकांनी चार हेडांचे ड्रम आणले, ज्यातली जादा जोडी थांबलेल्या चित्रासाठीच असे. संथ गतीसाठी फीत सलग हळू न ओढता झटक्याझटक्याने पुढे सरकवली जाई: फितीच्या कडेला प्रत्येक चौकटीमागे एक खूण नोंदलेली असते, ती खूण सापडेपर्यंत फीत ओढणारा ‘कॅपस्टन’ दांडा फिरे, लगेच ब्रेक लागे, तीच चौकट काही काळ पुन्हापुन्हा वाचली जाई आणि मग पुढचा झटका. हौशी आणि व्यावसायिक तंत्रज्ञांचे बदल इथेच होत. कॅपस्टनच्या मोटरीला मूळ स्फटिक-घड्याळाऐवजी स्वतःच्या जुळवणीतून स्पंद द्यायचे, म्हणजे सहावा हिस्सा किंवा दहावा हिस्सा असे कारखान्याने ठरवलेले दोनतीन वेग सोडून मधला कोणताही वेग मिळे. चित्र त्यामुळे सुधारत नसे, पण स्पंद मोजता येत असल्याने पुढे गेलेल्या चौकटी मोजता येत, आणि चौकट मोजता आली म्हणजे काळ मोजता आला. नंतरच्या संपादन यंत्रांवर आलेली ‘जॉग’ची गोल चकती, जी बोटाने फिरवताच चित्र एकेका चौकटीने पुढेमागे होते, ती याच गरजेचे सुसंस्कृत रूप होती.

मैदानावरच्या निर्णयात या यंत्रांचा पहिला गाजलेला हस्तक्षेप एका मराठी फलंदाजाच्या वाट्याला आला. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बन येथील कसोटीत सचिन तेंडुलकर ११ धावांवर असताना जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर धावबादचे अपील झाले, पंच सिरिल मिचली यांनी स्वतः निर्णय न देता तिसरे पंच कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे तो सोपवला, आणि टीव्हीवरील पुनर्दर्शनावरून बाद ठरलेला तेंडुलकर हा पहिला कसोटी फलंदाज ठरला. निर्णयाबद्दल वाद नाही. परंतु त्या तंत्राची मर्यादा आकड्यांत पाहण्यासारखी आहे. सेकंदाला सात मीटर वेगाने धावणारा फलंदाज एका फील्डच्या काळात १४ सेंटिमीटर आणि पूर्ण चौकटीच्या काळात २८ सेंटिमीटर पुढे जातो. बॅट रेषेच्या अलीकडे असलेली एक चौकट आणि पलीकडे असलेली पुढची चौकट यांच्यामध्ये नेमके काय घडले, हे फीत कितीही हळू चालवली तरी कळणार नाही, कारण ते नोंदलेच गेलेले नसते.

संगणकावर चित्र आल्यानंतर फीत, ड्रम, दिवा हे सगळे गेले, म्हणून अडचणीही गेल्या असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. वास्तविक अडचणींनी फक्त जागा बदलली. जागा वाचवण्यासाठी डिजिटल चित्रफितीत प्रत्येक चौकट पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक चौकट संपूर्ण असते आणि तिच्यानंतरच्या चौकटींत फक्त झालेले बदल लिहिलेले असतात. पुढे जाणे त्यामुळे सोपे, पण एक पाऊल मागे यायचे तर मागची पूर्ण चौकट शोधून तिथपासूनचे सगळे बदल पुन्हा उलगडावे लागतात. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेला आणि २००१ पासून सर्वांना मुक्तपणे बदलता येणारा व्हीएलसी हा प्लेअर वेग दशांशाच्या पायऱ्यांनी कमी करू देतो आणि एका कळीने एकेक चौकट पुढे नेतो, तरी मागे नेणारी तशीच कळ त्यात दीर्घकाळ नव्हती, याचे मूळ इथे आहे. म्हणून खेळाच्या विश्लेषणासाठी किनोव्हिया यासारखे वेगळे मुक्त सॉफ्टवेअर निघाले, ज्यात हव्या तेवढ्या चौकटी आधीच उलगडून स्मृतीत ठेवल्या जातात आणि मग त्या मण्यांच्या माळेसारख्या पुढेमागे सरकवता येतात.

दोह्याच्या प्रकरणाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत असून पुरुषांना त्यात ९१.४ सेंटिमीटर उंचीचे २८ स्थिर अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या पार कराव्या लागतात. हा अडथळा हर्डल शर्यतीतल्या अडथळ्याप्रमाणे धक्क्याने पडत नाही आणि सगळे धावपटू एकाच अडथळ्यावर एकत्र येतात, त्यामुळे पुढच्याची चूक मागच्याला भोवते. महार रेजिमेंटमधला जवान साबळे याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे मोडला होता. १ ऑक्टोबर २०१९ रोजी जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या धडपडीत अडकून त्याचा वेग तुटला आणि ८ मिनिटे २५.२३ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही तो अंतिम फेरीच्या बाहेर राहिला. भारतीय महासंघाने दाद मागितली, पंचांनी चित्रफीत तपासली आणि दुसऱ्याच्या अडथळ्यामुळे नुकसान झालेल्या खेळाडूला पुढच्या फेरीत धावू देण्याची जी तरतूद नियमांत आहे तिच्या आधारे त्याला अंतिम फेरीत प्रवेश दिला. अंतिम फेरीत तो तेरावा आला, पण ८ मिनिटे २१.३७ सेकंदांच्या त्याच्या वेळेने ऑलिंपिकचा ८ मिनिटे २२ सेकंदांचा पात्रता-निकष पार केला. चित्र मागे नेऊन पाहता आले नसते तर ही अंतिम शर्यत त्याच्या नशिबी नसती.

अशा तपासणीत पंचाला गती किती हळू झाली यापेक्षा क्रम हवा असतो: आधी कोण पडले, कुणाची रेषा कुणी ओलांडली, धक्का अडथळ्याआधी की नंतर. क्रमासाठी मागेपुढे जाता येणे पुरते. हेतू ठरवायचा असेल तर मात्र तेच यंत्र दगा देऊ शकते, कारण संथ गतीत पाहिलेली कृती पाहणाऱ्याला अधिक हेतुपुरस्सर वाटते असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवले आहे, आणि फुटबॉलच्या नियमांनीही संपर्काची जागा पाहण्यासाठी संथ चित्र, तर धक्क्याची तीव्रता पाहण्यासाठी मूळ वेग, असा भेद केला आहे. कुस्तीत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला. बीड जिल्ह्यातल्याच पाटोद्याचा मल्ल राहुल आवारे, ज्याने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवले, तो ज्या मॅटवर लढला तिथे गुणाबद्दल हरकत असेल तर प्रशिक्षक स्पंजचा ठोकळा आत फेकतो, पंचमंडळ चित्रफीत पाहते आणि हरकत फोल ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. चित्र मागे नेण्याच्या हक्काला इथे किंमत लावलेली आहे, आणि मातीतल्या कुस्तीत पंचाच्या डोळ्यावर सगळे अवलंबून असण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला ही व्यवस्था परकी वाटली तरी ती न्याय्य आहे.

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे पुन्हा अशा ठिकाणी पोहोचला जिथे चौकटींची भाषाच संपते. केनियाच्या अब्राहम किबिवोटने ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत शर्यत जिंकली, साबळेची वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद होती, आणि १९९४ नंतर या प्रकारात केनियाबाहेरच्या खेळाडूला मिळालेले ते पहिले राष्ट्रकुल पदक ठरले. ०.०५ सेकंद म्हणजे सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रात सव्वा चौकट, आणि त्याच्या सरासरी वेगाने अंतर सुमारे ३० सेंटिमीटर. म्हणून अंतिम रेषेवरचा निकाल कोणताही प्लेअर हळू चालवून लावत नाहीत. फोटो-फिनिश कॅमेरा मैदानाकडे एका अरुंद उभ्या फटीतून, नेमका अंतिम रेषेच्या पातळीवरच, पाहतो आणि सेकंदाला हजारो उभ्या रेघा शेजारीशेजारी जोडत जातो. तयार होणाऱ्या प्रतिमेत आडवी बाजू म्हणजे अंतर नसून वेळ असते, आणि पंच खेळाडूच्या धडाच्या पुढच्या कडेवर खूण ठेवून सेकंदाचा हजारावा भाग वाचतात.

सामान्य प्रशिक्षकाजवळ अर्थातच फोन असतो, आणि २०१४ च्या सुमारास महागड्या फोनांत आलेले सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण आता पुष्कळ फोनांत मिळते. यातून एक नवीच चूक शिरली आहे. फोन प्रकाश कमी झाला की चौकटींमधले अंतर गुपचूप बदलतो, त्यामुळे चौकटी मोजून काढलेली उडीची वेळ चुकीची येते. प्रत्येक चौकटीसोबत नोंदलेला काळ वाचणारा प्लेअर वापरला तरच हिशेब जुळतो. त्याहून घातक आहे ती दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये संगणकाने कल्पून घातलेल्या चौकटींची सोय, जिच्यामुळे सेकंदाला ३० चौकटींचे चित्रही लोण्यासारखे हळू सरकते. जाहिरातीला किंवा लग्नाच्या चित्रफितीला ती शोभते. अडथळ्यावर पाय टेकला की नाही हे ठरवताना मात्र ती बंद करूनच प्लेअर सुरू करावा लागतो, कारण त्या मधल्या चौकटींतला पाय कोणत्याही कॅमेऱ्याने पाहिलेला नसतो.